वर्षाच्या हृदयाला सूज आली तेव्हा

“रक्तवाहिन्या सगळ्या मोकळ्या आहेत,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “अँजिओग्राफीत कुठेही अडथळा दिसला नाही.”

मी हात जोडले. अकोल्याच्या त्या दवाखान्यात कॅथ लॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या जागेच्या, बाजूला एक अरुंद खोली होती. तिथं नातेवाइकांना बोलावून काय ते सांगायचे. मला वाटलं, सुटलो. छातीत दुखलं ते पित्तानंच असेल, संध्याकाळपर्यंत हिला घेऊन घरी जाऊ. मी उठायलाही लागलो होतो.

मॅडमनी हातानं बसा म्हटलं. “हा हार्ट अटॅक नाही. पण हृदय ठीक आहे असंही नाही. त्यांना मायोकार्डायटिस झालाय. म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच सूज आली आहे.”

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. पाय मुरगळला की सुजतो, दाढ सुजते, हे माहीत होतं. हृदय सुजतं हे ठाऊक नव्हतं. मी पुन्हा सांगा म्हटलं आणि त्यांनी न कंटाळता पुन्हा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “मागच्या आठ-दहा दिवसांत यांना ताप आला होता का?”

“आला होता. सर्दी-खोकल्याचा. दोन-तीन दिवसांत उतरला.”

“आणि त्यानंतर काही जास्तीचे श्रम?”

“पळाली होती ती,” मी म्हणालो.

हा अनुभव लिहिण्याचं कारण ते दोन प्रश्नच आहेत. ताप येऊन जातो, माणूस बरा झाला असं समजतो आणि लागतो कामाला. आमच्या घरी तेच झालं. तुमच्या घरी कोणी पळत असेल, मुलगा भरतीची तयारी करत असेल, किंवा वर्षासारखी एखादी बाई हौसेनं सकाळी रस्त्यावर जात असेल, तर हे वाचून ठेवा.

मी एसटीत कंडक्टर आहे, रिसोड डेपोला. वर्षा, माझी बायको, रिठदच्या शाळेत गणित शिकवते. आम्ही राहतो रिसोडला. मुलगी प्रांजली अमरावतीला शिकते. ती शिकायला गेली आणि घर रिकामं झालं, त्या वर्षी वर्षानं पळायला सुरुवात केली. तिचे गुडघे दुखायचे, वजन वाढलं होतं, रात्री झोप लागायची नाही. आधी शेजारच्या नंदाताईंसोबत चालायला जायची. मग एक दिवस दोघी थोडं पळाल्या. मग रोजच. पंजाबी ड्रेस, त्याखाली प्रांजलीनं आणून दिलेले बूट, आणि ओढणी छातीवरून घेऊन कमरेला गाठ.

गावात बाई पळताना दिसली की लोक आधी तिच्या मागं कोण लागलंय ते बघतात. माझी सकाळची पहिली फेरी त्याच रस्त्यानं असायची. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, वर्षा मान न वळवता हात वर करायची. गाडीतलं एखादं म्हातारं माणूस विचारायचं, “ह्या मास्तरीणबाई काहून पळून राह्यल्या भाऊ?” मी तिकिटं फाडत पुढं सरकायचो. ती माझी बायको आहे हे मी कधी सांगितलं, कधी नाही.

पण फरक दिसत होता. गुडघे दुखायचे थांबले. तिचा रक्तदाब आधी थोडा वर असायचा, तो खाली आला. चिडचिड कमी झाली. नंदाताईंचं बघून आणखी तीन-चार बायका यायला लागल्या. त्यात एक पिठाच्या गिरणीवाली होती, एक अंगणवाडीवाली. हिवाळ्यात वाशीमला दहा किलोमीटरची दौड होणार होती, तिथं सगळ्यांनी नावं दिली.

दौडीच्या आधीच्या आठवड्यात शाळेत तापाची साथ होती. निम्मा वर्ग खोकत होता. वर्षालाही ताप आला, अंग ठणकलं, घसा बसला. गोळ्या घेतल्या, ताप उतरला. दौडीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली की ताप काही नाही, फक्त अंगात थोडी कसर आहे. कसर तर काय, आपण सगळेच कसर घेऊन कामाला जातो. मीही तिला थांबवलं नाही. तेव्हा आम्हाला दोघांनाही काही माहीत नव्हतं.

ती पळाली, पूर्ण पळाली. घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाली की चिखलातून पळाल्यासारखं झालं, पाय उचलतच नव्हते. नंदाताई तिच्या पुढं गेल्या, असं आधी कधी झालं नव्हतं. गळ्यात मेडल होतं, ते तिनं काढून टीव्हीजवळ ठेवलं आणि आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिच्या छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून तिनं सोडा घेतला आणि शिकवत राहिली. घरी आल्यावर मी तिला पडून राहा म्हटलं. पण आडवं झालं की दुखणं वाढायचं आणि उठून पुढं वाकून बसलं की कमी व्हायचं. हे मला फार विचित्र वाटलं. पलंगावर उशी पोटाशी धरून ती वाकून बसली होती, आणि श्वास अर्धाच घेत होती.

मी तिला मोटारसायकलवर बसवून आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयातून जाणाऱ्या विजेचा आलेख. डॉक्टर एरवी प्रत्येक पेशंटशी शेतीपाण्याच्या गप्पा मारतात. त्या दिवशी कागद बघून त्यांनी आधी फोन लावून गाडी बोलावली. मग मला म्हणाले, “भाऊ, हिले आता चालू देऊ नका. सरळ अकोल्याले न्या. वाटेत कुठंच थांबू नका.”

मालेगाव, मेडशी, पातूर. या रस्त्यावर मी हजारदा गाडीसोबत गेलो असेन. प्रत्येक थांब्याला मी पाटीकडे न बघता नाव पुकारू शकतो. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या बंद काचेतून मला एकही थांबा ओळखता आला नाही. वर्षाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. पातूरचा घाट उतरताना तिनं विचारलं की प्रांजलीला कळवलं का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “आता नोका सांगू. पेपर हाय तिचा.”

अकोल्यात पोहोचल्यावर पहिली तपासणी झाली ट्रोपोनिनची. हृदयाच्या स्नायूच्या पेशींना इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. वर्षाचं खूप वाढलेलं होतं. दुसरी सीआरपी. शरीरात कुठेही दाह चालू असला की यकृत हे प्रथिन जास्त तयार करतं, म्हणून ते आगीचा धूर दिसावा तसं समजायचं. तेही वाढलेलं. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करताना मला दाखवलं. डॉक्टर म्हणाल्या की प्रत्येक ठोक्याला जितकं रक्त बाहेर फेकायला हवं, तितकं ते फेकत नाही. मला त्यातलं काही समजलं नाही. मला तर ते जोरातच चाललेलं दिसलं.

हार्ट अटॅक नाही याची खात्री करायला अँजिओग्राफी झाली आणि मग ती अरुंद खोली, जिथून मी सुरुवात केली.

वर्षाला अतिदक्षता विभागात ठेवलं. औषधं फार नव्हती. हृदयावरचा भार कमी करणाऱ्या गोळ्या आणि पूर्ण आराम. सूज तिची तीच उतरते, आपण फक्त हृदयाला त्रास होऊ द्यायचा नाही, असं मला समजावलं. मुख्य काम होतं लक्ष ठेवण्याचं. सुजलेल्या स्नायूतून वीज नीट वाहत नाही, ठोके अचानक बिघडू शकतात, म्हणून छातीला तारा लावून पडद्यावर चोवीस तास आलेख चालू.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत मी आत होतो. ती मला घरून कंगवा आणायला सांगत होती. बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, “मले कसंतरी होऊन राह्यलं.” तिचे डोळे वर गेले. पडद्यावरची रेघ एकदम दाट झाली, उंच उंच काटे एकमेकांना चिकटून. यंत्र ओरडायला लागलं. सिस्टरनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं आणि दार लागलं.

मी बाहेर उभा होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझी मोठी बहीण शांताबाई त्याच दिवशी आसेगावहून आली होती. ती बाजूला उभी होती.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या की ठोके बिघडले होते, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे इतके जोरात धडधडतात की त्यांच्यात रक्त भरायलाच सवड मिळत नाही, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि माणूस बेशुद्ध होतो. काही सेकंदांत ते आपोआप थांबलं होतं. आता औषध चालू केलंय. ती शुद्धीवर आहे.

मला बरं वाटायला हवं होतं. पण भिंत माझ्या अंगावर आल्यासारखी झाली आणि मी खाली बसलो. सिस्टरनं माझाच रक्तदाब घेतला. एकदा घेतला, मग पुन्हा घेतला. मग मॅडमला बोलावलं.

तो खूप जास्त होता. भीतीनं वाढतो, पण इतका नाही, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी मला विचारलं की तुम्ही कधी तपासून घेतलं आहे का. मी कशाला तपासेन? मला काही होत नव्हतं. पोट सुटलं होतं, जिना चढताना दम लागायचा, पण पन्नाशीला आलेल्या माणसाचं असंच असतं, अशी माझी समजूत. त्यांनी माझंही रक्त काढायला लावलं.

संध्याकाळी वर्षा पुन्हा दोन शब्द बोलायला लागली तेव्हा शांताबाईच्या जिवात जीव आला, आणि मग तिचं तोंड सुटलं. “मी कवाचीच म्हनत होती. बाईमानसानं चाळिशीनंतर असं घोड्यावानी पळू नाई. आता पाह्य काय झालं.” मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला कुठंतरी बरंही वाटलं की आता हे पळणं एकदाचं बंद होईल.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सरळ विचारलं, “हे पळण्यानं झालं ना?”

त्या घाईत होत्या, तरी थांबल्या. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. सूज आणली ती बहुधा तापाच्या विषाणूनं. विषाणूला मारायला शरीर जी फौज पाठवतं, तिच्या धुमश्चक्रीत हृदयाचा स्नायूही सापडला. त्याच वेळी दहा किलोमीटर पळाल्यानं त्या आजारी स्नायूवर जास्तीचं ओझं पडलं आणि दुखणं वाढलं असू शकतं. किती वाढलं हे कोणीच नक्की सांगू शकत नाही. आराम केला असता तरी झालं असतं, असंही असेल.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. निरोगी माणूसही लांब पळून आला तर त्याच्या रक्तात ट्रोपोनिन आणि सीआरपी थोडे वाढलेले सापडतात. हृदय, पाय, सगळे स्नायू दमतात, त्यांना बारीकसा दाह होतो. आराम मिळाला की एक-दोन दिवसांत बहुतेक सगळं जागेवर येतं. आणि असं महिनोन्‌महिने बेतानं, झेपेल इतकं पळणाऱ्या माणसाच्या शरीरात एरवीचा दाह उलट कमी होत जातो. चरबी घटते, रक्तवाहिन्या लवचीक राहतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून बसल्या जागी त्याला कमी ठोके द्यावे लागतात.

“म्हणजे पळणं चांगलं की वाईट?” मी विचारलं.

“तब्येत चांगली असताना, बेतानं, चांगलं. अंगात ताप असताना किंवा तो नुकताच गेलेला असताना, नाही.” त्यांनी टेबलावरचा दुसरा कागद पुढं ओढला. “आता तुमचं बोलू.”

माझी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. रक्तदाब तर कळलाच होता. आणि माझी सीआरपी, तिची अगदी थोडी वाढही टिपणारी वेगळी तपासणी असते, त्यात तीही असायला हवी त्यापेक्षा जास्त होती. मला ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. तरी शरीरात दाह. पोटाची चरबी, दिवसभर गाडीत उभं राहून आणि घरी बसून काढलेली वर्षं, तंबाखू. मॅडम म्हणाल्या, “त्यांची आग एकदम भडकलीय, ती विझेल. तुमची धुमसतेय. रक्तवाहिन्यांचं नुकसान ती हळूहळू करते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.”

मी बायकोला आजारी म्हणून घेऊन गेलो होतो. येताना आम्ही दोघं पेशंट होऊन आलो.

तब्येत स्थिर झाल्यावर नागपूरला हृदयाचा एमआरआय झाला. तो सगळीकडे होत नाही. त्यात शिरेतून एक औषध सोडतात आणि स्नायूचा कोणता भाग सुजलाय, कुठं कायमचा व्रण राहणार, ते चित्रात उजळून दिसतं. वर्षा त्या बोगद्यासारख्या यंत्रात बराच वेळ श्वास रोखून, सोडून, पुन्हा रोखून पडली होती. निदान पक्कं झालं. एक लहानसा व्रणही दिसला.

घरी सोडताना सांगितलं की निदान सहा महिने पळायचं नाही. जोरात चालायचं नाही, पाण्याची बादली उचलायची नाही, जिना चढताना मध्ये थांबायचं. सहा महिन्यांनी सगळ्या तपासण्या पुन्हा.

पहिले काही आठवडे ती नुसती झोपायची. ते सोपं होतं. कठीण काळ नंतर आला, जेव्हा तिला बरं वाटायला लागलं. सकाळी सवयीनं जाग यायची आणि ती दारात खुर्ची टाकून बसायची. आधी ती रजेवर होती, मग शाळेत जायला लागली. बाकी वेळ ती स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून ठोके बघत असायची. मी दिसलो की हात पदराखाली घ्यायची. एकदा छातीत नुसती कळ आली, गॅसची असेल, पण ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिच्या कपाळावर घाम फुटला. या आजारात शरीरावरचा भरवसा जातो. तो परत यायला सूज उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी सांगतो.

नंदाताई आणि बाकीच्या बायकांनीही पळणं सोडलं होतं. गावात एकच चर्चा होती की मास्तरीणबाईचं दिल पळून पळून फुगलं. वर्षाला हे कळलं तेव्हा तिनं सगळ्यांना घरी चहाला बोलावलं आणि शाळेत शिकवते तसं शिकवलं. सूज कशानं आली, काय चुकलं, काय चुकलं नाही. ताप असला की बूट घालायचेच नाहीत. ताप गेल्यावरही अंगातली कसर पूर्ण जाईस्तोवर थांबायचं, आणि मग आधी चालायचं, लगेच पळायचं नाही. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टर. गिरणीवाल्या ताई म्हणाल्या, “मंग आमी पळलो तर चालते ना? पळनं बंद केल्यापासून माझी साखर वाढून राह्यली.” वर्षा म्हणाली, चालते. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा जायला लागल्या. वर्षा दारातून त्यांना बघायची.

आणि तिनं मला बाहेर काढलं. मला मॅडमनी रक्तदाबाची गोळी सुरू करून रोज चालायला सांगितलं होतं, मी आज नाही उद्या करत होतो. तंबाखू मी दवाखान्यातच सोडला होता, त्याचं श्रेय मी घेत नाही, तिथं त्या दारासमोर उभं राहिल्यावर तो आपोआपच सुटला. पण चालण्याचा मला कंटाळा. ती रोज मला उठवायची. सुरुवातीला मी बसस्टँडपर्यंत जाऊन चहा पिऊन परत यायचो. नंतर चहा सुटला, रस्ता वाढला. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या पँटी ढिल्या झाल्या. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे, पण डॉक्टरांनी ती अर्धी केली.

सहा महिने उलटल्यावर आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. इकोमध्ये हृदय पहिल्यासारखं काम करताना दिसलं. होल्टर लावला, म्हणजे दिवस-रात्र ठोके टिपणारं लहान यंत्र छातीला बांधतात. एकही बिघडलेला ठोका सापडला नाही. मग ट्रेडमिलवर पळवून ईसीजी काढला. एमआरआय परत झाला, सूज गेलेली, व्रण तेवढाच लहानसा. मॅडम सगळे रिपोर्ट बघून म्हणाल्या, “पळा. पण बोलता येईल इतक्याच वेगानं. दम लागून वाक्य तुटलं की समजायचं, जास्त होतंय. आणि स्पर्धा सध्या नको.”

वर्षा हसली नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

येताना आमच्याच डेपोची गाडी मिळाली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं पुढची सीट दिली. गाडी अकोल्याबाहेर पडल्यावर मी मनातलं बोललो. म्हटलं, बरी झाली हेच खूप आहे, आता कायले पाहिजे ते पळणं, चाल ना नुसती, चालण्यानंही होतं.

ती खिडकीबाहेर बघत होती. मेडशी मागं गेलं. मला वाटलं, तिनं ऐकलं नसेल. मालेगावला गाडी थांबली, लोक उतरले, आणि ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “हे सहा महिने मी दिलासाठी बसली. आता दिल बरं हाय. तुमच्या भीतीसाठी मले बसवू नोका.”

त्या दुपारी दार लागलं तेव्हापासून मी ती भीती घेऊनच फिरत होतो. तिच्या आजाराला औषध मिळालं होतं. माझ्या भीतीचं औषध तिला घरात बसवणं, असं मी धरून चाललो होतो. रिसोड येईस्तोवर मी एवढंच म्हणालो, “मंग मी येतो सोबत.”

ती म्हणाली, “या ना. पन तुमच्यानं पळनं होईन का?”

झालं नाही. पहिल्या दिवशी मी विजेच्या दोन खांबांच्या अंतरात थांबलो. सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं, रस्त्याच्या कडा ओल्या होत्या, आणि मी कमरेवर हात ठेवून उभा. ती थांबली, मी चालायला लागलो तशी चालली, मी पळालो तशी पळाली. नंदाताई आणि बाकीच्या बायका हसत पुढं निघून गेल्या. वर्षाला हळू पळायला सांगितलं होतं, आणि जिल्ह्यात माझ्यापेक्षा हळू पळणारा माणूस तिला मिळाला नसता. मॅडमचा नियम पाळायला तिला घड्याळ लागलं नाही. मी होतो.

हे लिहिताना कोणाकोणाची आठवण येते. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी एका कागदावरून वेळीच ओळखलं आणि गाडी बोलावली. दंडाला धरून मला बाहेर काढणाऱ्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही. मॅडमना रोज माझ्यासारखे कितीतरी लोक तेच तेच विचारत असतील, तरी त्या थांबल्या. यांचं देणं फिटत नाही. शांताबाई आली की अजूनही म्हणते, जपून. पण मागच्या वेळी आसेगावला परत जाताना तिनं वर्षाला हळूच विचारलं की गुडघे दुखत असले तर चालायला सुरुवात कशी करायची.

पळण्यानं माझी बायको आजारी पडली, असं मी आता म्हणत नाही. पळणारा माणूस आजारी पडतच नाही, असंही म्हणत नाही. हृदयाला काम हवं असतं आणि विसावाही हवा असतो, आणि कोणत्या वेळी काय, ते शरीर सांगत असतं. आम्हाला ते ऐकायची सवय नव्हती.

दिवाळीच्या सुमाराची एक सकाळ. आता मी बऱ्यापैकी पळत होतो, म्हणजे पळता पळता बोलू शकत होतो. वर्षा एकदम म्हणाली की तिला त्या दिवशीचं एक सांगायचंय. अतिदक्षता विभागातल्या त्या दुपारबद्दल मी घरात कोणाला बोलू द्यायचो नाही. विषय निघाला की उठून जायचो. पळताना उठून कुठं जाणार?

ती म्हणाली, “मी डोळे उघडले ना, तं दाराच्या काचेतून तुमी दिसले. दोनी हातात एकेक चप्पल धरून उभे. एक तुमची, अन्‌ एक दुसऱ्याच कोनाची, बाईची. मले वाटलं, आपन गेलो तर ह्या मानसाले चप्पल कोन शोधून देईन. मंग म्हनलं, नाई, आता जाऊन जमत नाई.”

मला काही आठवत नव्हतं. आत जाताना मी चपला दाराबाहेर काढल्या असतील, बाहेर आल्यावर न बघता उचलल्या असतील. एवढंच आठवलं की त्या संध्याकाळी डाव्या पायातली चप्पल बोचत होती आणि मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

मला हसू आलं. मग ते थांबेना. दम लागला, वाक्य तुटलं. वर्षा म्हणाली, “जास्त होऊन राह्यलं तुमाले. चला, चालू थोडं.”

आम्ही चाललो. रस्त्यावर कोणी नव्हतं. माझा श्वास जागेवर आला तेव्हा मी विचारलं की आणखी काय काय दिसलं होतं तिला त्या दिवशी. ती सांगायला लागली, आणि बोलता येईल इतक्या सावकाश आम्ही पुन्हा पळायला सुरुवात केली.